आईला बरं वाटत होतं

आमच्या आईचा डावा डोळा गेला तेव्हा ती गेल्या कित्येक वर्षांत नव्हती इतकी आनंदात होती. लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, चला, निदान मन तरी प्रसन्न होतं. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मन प्रसन्न होतं म्हणूनच डोळा गेला, हे मी किती जणांना समजावून सांगू?

आईला काचबिंदू आहे हे वडील असतानाच कळलं होतं. चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून तिला सांगलीला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला. तो खूप वाढलेला होता. त्यांनी थेंब लिहून दिले, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. दुखत काही नव्हतं, दिसायला काही कमी वाटत नव्हतं. आईला वाटलं, डॉक्टरांनी उगाच काहीतरी मागे लावून दिलं. पण वडील सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. हुकूम म्हणजे हुकूम. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ते सोप्यात बाटली घेऊन उभे राहायचे. आई म्हणायची, "आलं बगा बंदूक घिऊन." मग बाकावर आडवी व्हायची. थेंब पडला की डोळे चुरचुरायचे, लाल व्हायचे, घशात कडू उतरायचं. ती कुरकुरायची आणि वडील तिच्या नाकाजवळ डोळ्याचा कोपरा बोटानं दाबून धरून दोन मिनिटं मोजायचे. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले. सकाळी मळ्यात पाणी पाजायला गेले ते परत आलेच नाहीत, बांधावरच कोसळले. भाऊही सैन्यात. तो आला, दिवस घालून परत सरहद्दीवर गेला. मी इस्लामपूरला शाळेत विज्ञान शिकवते. आमचं गाव कराडच्या अलीकडे, हायवेपासून आत दोन किलोमीटर. आईला माझ्याकडे चल म्हटलं तर ती ऐकेना. शेजारी चुलत्यांचं घर होतं, तेवढा आधार. मी दर रविवारी जात होते.

ते चार महिने वाईट होते. आई जेवायची नाही, बोलायची नाही. भाकरीचा तुकडा हातात घेऊन तशीच बसून राहायची. मी जायचे, स्वयंपाक करून ठेवायचे, रडून परत यायचे. भावाचा फोन आला की तो एकच विचारायचा, आई हसली का.

तेव्हा शाळेतल्या एका सहकारी बाईंनी कराडच्या त्या वर्गाचं सांगितलं. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. आठवड्यातून तीनदा सकाळी तिथं बायका आणि काही म्हातारे पुरुष जमायचे. श्वासाचे व्यायाम, टाळ्या, थोडी गाणी, मग वर्ग घेणाऱ्या बाईंचं बोलणं. पैसे घेत नसत. आईला तिथं पहिल्यांदा मीच नेलं. माझ्या स्कूटरवर मागं बसवून नेलं. हे मी लपवणार नाही.

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी शिक्षिका होत्या. आवाज मऊ, साडी नीटनेटकी, समोरच्याचा हात हातात घेऊन बोलायच्या. त्या सांगायच्या की आपलं मन कधी खोटं बोलत नाही. ज्यानं आतून बरं वाटतं ते आपल्यासाठी खरं. ज्यानं जीव आक्रसतो ते सोडून द्यायचं, मग ते माणूस असो, सवय असो की विचार असो. मी मागच्या सतरंजीवर बसून हे ऐकलं. विज्ञान शिकवणारी बाई मी. वर्गात मुलांनी एखादं उत्तर 'वाटतंय' म्हणून दिलं तर मी विचारते, कशावरून? तिथं मात्र काही विचारलं नाही, कारण पुढच्या रांगेत माझी आई टाळ्या वाजवत होती.

महिन्याभरात ती बदलली. जेवायला लागली. चुलतीबरोबर एसटीनं कराडला जायला लागली. फोनवर हसायला लागली. भाऊ म्हणाला, "तिला बरं वाटतंय ना, मग झालं." मीही म्हटलं, झालं.

दर रविवारी मी विचारायचे, थेंब घालतेस ना? ती व्हय म्हणायची. बाटली संपायच्या अंदाजानं मी दर महिन्याला नवी बाटली इस्लामपुरातून नेऊन द्यायचे. ती घेऊन फ्रिजमध्ये ठेवायची. घालताना मी एकदाही पाहिलं नाही. सकाळी सातच्या आत तिथं पोचायचं आणि संध्याकाळी सातपर्यंत थांबायचं माझ्या जिवावर यायचं. दर सहा महिन्यांनी सांगलीला तपासायला न्यायचं होतं, तेही राहिलं. आधी परीक्षा होत्या, मग निवडणुकीचं काम, मग सुट्टीत माझ्याच घरी पाहुणे. आणि घाई तरी काय होती? आई तर छान होती.

दीड वर्ष असं गेलं. त्या दीड वर्षात काय काय झालं ते आता मी एकेक करून आठवते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तिचा डावा दंड सारखा काळानिळा दिसायचा. म्हणायची, चौकट लागली. एकदा खिडकीच्या उघड्या दारावर डोकं आपटलं. एकदा ताटाच्या डाव्या कडेला वाढलेली भाजी तशीच ठेवून उठली. मला वाटलं, भाजी आवडली नसेल. गावातल्या रस्त्यावर एका मोटरसायकलचा तिला धक्का लागला, गुडघा फुटला. आई म्हणाली, "त्यो आवाज न करता आला." मी त्या मोटरसायकलवाल्याला शोधून शिव्या देऊन आले. आवाज न करता येणारी मोटरसायकल कुठं असते, हा प्रश्न मला पडला नाही. पडला नाही म्हणजे मी तो पडू दिला नाही. प्रत्येक वेळी दोन उत्तरं समोर होती आणि मी त्यातलं सुखाचं उचललं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका रविवारी दुपारी, मी आईचा फ्रिज पुसायला काढला. दारातल्या कप्प्यात मागच्या बाजूला एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात थेंबांच्या बाटल्या होत्या. सगळ्या सीलबंद. मी त्या फरशीवर ओळीनं मांडल्या. मी आणलेली एकही बाटली उघडलेली नव्हती.

आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या. ती जराही दचकली नाही.

"आगं, त्ये घातलं की डोळं चुरचुरत्यात, लाल व्हत्यात," ती म्हणाली. "सोडल्यापासनं लय बरं वाटतंय मला. आन बरं वाटतंय तर कशाला घालायचं?"

"मग घेत कशाला होतीस माझ्याकडनं?"

"तू येवढ्या लांबनं आणत हुतीस. न्हाई म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

वर्गातल्या बाईंनी सोडायला सांगितलं का, असं मी विचारलं. न्हाई, म्हणाली. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की शरीराचं ऐका, शरीराला जे नको असतं ते ते बरोबर सांगतं. आईनं ऐकलं. शरीर म्हणालं, थेंब नको.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी तिला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि लगेच तिला नजरेचं क्षेत्र तपासायच्या यंत्रासमोर बसवलं. त्यात हनुवटी टेकवून सरळ समोर बघत राहायचं असतं. आजूबाजूला कुठंतरी बारीक दिवा लुकलुकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागं स्टुलावर बसले होते. सुरुवातीला बटणाचा आवाज येत होता. मग थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग दोनदा, आणि पुन्हा शांतता. मला वाटलं हिला झोप लागली. वाकून पाहिलं तर डोळा टक्क उघडा होता आणि अंगठा बटणावर तयार होता.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्येंचं मशिन खराब हाय वाटतं. मधी मधी बंद पडत हुतं."

मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागद पुढं केला. डाव्या डोळ्याचं वर्तुळ जवळजवळ सगळं काळं होतं. उजव्याचं कडेनं काळं आणि मधे पांढरं. ते म्हणाले की गेलेलं परत येत नाही. मी भांडले त्यांच्याशी. विचारलं की पहिल्याच वेळी हे नीट का नाही सांगितलंत? थेंब चालू ठेवा, एवढं एक वाक्य आणि पुढचा पेशंट! दर खेपेला तुम्हीसुद्धा तिला हेच विचारायचात ना, 'काय आजी, बरं वाटतंय का?' मग तिनं त्यालाच तपासणी मानलं तर चूक कुणाची? डॉक्टर तरुण होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, दीड वर्ष तुम्ही कुठं होतात? मला त्याचा राग आणखी आला.

त्याच आठवड्यात, वर्गाच्या दिवशी, मी कराडला गेले. आईला आधी एसटीनं पोचू दिलं आणि मागनं गेले. तीसएक माणसं बसली होती. आई पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी. बाईंचं बोलणं चालू होतं. मी सरळ पुढं गेले आणि तो काळा कागद त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, हे माझ्या आईच्या बरं वाटण्याचं चित्र. सगळ्यांना दाखवा.

बाईंनी कागद पाहिला, खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "मी कधीही कुणाला औषध बंद करायला सांगितलेलं नाही."

"तुम्ही सांगितलंत की बरं वाटतं ते खरं."

"तुमच्या आई इथं आल्या तेव्हा कशा होत्या, आठवतंय ना? आज त्या आनंदात आहेत. तो त्यांचा आनंद तुम्ही का हिरावून घेता?"

मग माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. साखर खाल्ल्यावरही बरं वाटतं, म्हणून मधुमेह्याला साखर द्याल का, असं ओरडले. दारू प्यालेल्या माणसाला सगळ्यात जास्त बरं वाटतं, त्याला बोलवा शिकवायला, म्हणाले. तुम्ही शिक्षिका होता, पोरांना गणिताचं उत्तर मनाला बरं वाटेल ते लिहायला सांगायचात का, असंही विचारलं. कुणीतरी माझा दंड धरला, मी झटकला.

तेव्हा मागून एक बाई उठल्या. माझ्याहून वयानं लहान असाव्यात. मोठा आवाज न करता त्या म्हणाल्या, "माझा नवरा गेला तवा मी इथं येऊन हसायला लागले. दुसरं कोण आलं न्हवतं मला हसवायला. तुमी तरी आला हुता का?"

आई उठून उभी राहिली. पिशवी काखेत मारली. "बास झालं. चल," म्हणाली. जिना उतरताना तिचा डावा खांदा भिंतीला घासत होता आणि तिला ते कळत नव्हतं.

गावाकडं जाताना स्कूटरवर ती तोंड फिरवून बसली होती. मला मात्र, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. छाती हलकी झाली होती. वाटत होतं, झालं, करायचं ते केलं, जिथं घाव घालायचा तिथं घातला. इस्लामपूरला घरी पोचेपर्यंत तो हलकेपणा टिकला. पायांवर पाणी घेताना मनात आलं की आज सकाळपासून आईच्या डोळ्यांत थेंब गेलेला नाही. माझ्या सगळ्या भांडणाचा तिच्या डोळ्याला काडीचा उपयोग झाला नव्हता. मला बरं वाटत होतं आणि तिच्या डोळ्यातला दाब होता तिथंच होता. मी पुन्हा स्कूटर काढली आणि गावाकडं गेले. आईनं दार उघडलं, मी बाटली काढली, तर तिनं पाठ फिरवली. चार माणसांत तिची लाज काढली होती मी. आठ दिवस तिनं डोळ्याला हात लावू दिला नाही. त्या आठ दिवसांत जे काय थोडं गेलं असेल, ते माझ्या रागानं घालवलं.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सुचवलं होतं, दाब कमी करायचं. त्यासाठी आईला पुन्हा सांगलीला नेलं. तिनं सरळ विचारलं, "आपरेशन केल्यावर बरं कवा वाटंल?"

डॉक्टर म्हणाले, "वाटणार नाही, आजी. उलट महिनाभर दुखेल, पाणी येईल, जरा धूसर दिसेल. आहे तेवढी नजर टिकेल, एवढंच."

"मग कशाला करायचं?" म्हणून ती उठली.

त्यांनी खोटं सांगितलं नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. पण आईला घेऊन घरी आले ती हात हलवतच.

दर वर्षी मी दहावीच्या मुलांना एक साधा प्रयोग दाखवते. कागदावर डावीकडं फुली, उजवीकडं ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्यानं फुलीकडं बघत राहायचं आणि कागद हळूहळू जवळ आणायचा. एका ठिकाणी ठिपका नाहीसा होतो. प्रत्येकाच्या डोळ्यात निसर्गानंच एक आंधळी जागा ठेवलेली असते. गंमत अशी की तिथं काळं दिसत नाही, भोक दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा पांढरा कागद पसरून ती जागा बुजवून टाकतो. मुलं ओरडतात, बाई, गेला, गेला! इतकी वर्षं हे शिकवूनही आपल्या आईच्या बाबतीत मला ते आठवलं नाही, याची शिक्षा मला कुणीतरी द्यायला पाहिजे होती. कुणी दिली नाही.

त्या संध्याकाळी मी वहीच्या पानावर फुली काढली आणि माझ्या कपाळावरची टिकली काढून उजवीकडं चिकटवली. आई बोलत नव्हती, पण मी पान तिच्यासमोर धरलं तेव्हा तिनं बघितलं. तिचा डावा डोळा मी माझ्या तळव्यानं झाकला. फुलीकडं बघ म्हटलं आणि पान जवळ आणत गेले.

"टिकली कुटं गेली?" आई म्हणाली.

"कुठं नाही. तिथंच आहे."

"पान तर कोरं दिसतंय."

तिनं वही माझ्या हातातून घेतली. स्वतःच लांब धरली, जवळ आणली. टिकली आली, गेली. पाचसहा वेळा तिनं तसं केलं. मग टिकलीवर बोट ठेवून ती जागेवर आहे का ते चाचपलं. मी सांगितलं की तुझं असं आता बरंच झालंय. डावीकडची चौकट, ती मोटरसायकल, ताटातली भाजी, सगळं असंच कोऱ्या पानासारखं बुजून गेलं. दिसत नाही आणि दिसत नाही हेही कळत नाही, म्हणून तुला बरं वाटतंय.

तिनं वही मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "त्येंनी रोज दोन मिन्टं मोजत बसायचं, ते ह्यासाठी?"

"हो."

ती रडली. वडील गेल्यावरसुद्धा माझ्यासमोर अशी रडली नव्हती. तिला रडवल्याचं मला वाईट वाटलं नाही. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. दुखलं, खुपलं, पाणी आलं. डाव्या डोळ्याला आता हात हलवलेला कळतो, इतकंच. उजव्यानं ती एखाद्या नळीतून बघावं तसं बघते. समोरच्याचा चेहरा दिसतो, शेजारचा माणूस नाही. तिला आता एकटीला गावात ठेवता येत नाही, म्हणून इस्लामपूरला माझ्याकडं आणलंय. इथं तिला करमत नाही. जुना आनंद तिच्या चेहऱ्यावर परत आलेला नाही. भाऊ फोनवर म्हणतो, आई पहिल्यासारखी हसत नाही गं. मी म्हणते, दिसतंय ना तिला अजून? तू रजा काढून ये आणि हसव.

वर्गाला मात्र तिला जायचं असतं. महिन्यातून दोनदा मी तिला नेते. हात धरून जिना चढवते, सतरंजीवर बसवते आणि स्वतः बाहेर पायरीवर बसते. आतून टाळ्यांचा आवाज येतो. त्या बाई दारात भेटतात, आईचा हात हातात घेतात आणि विचारतात, कसं वाटतंय? डोळ्याचं काय झालं, हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. मी भांडत नाही आता. त्या हॉलमधल्या बायकांना तिथं हसू मिळतं हे मला दिसतं, ते खोटं नाही हेही कळतं. त्यामुळं राग कमी होत नाही. तिथून निघून कोण घरी जाऊन काय सोडणार आहे, हे कुणी विचारत नाही, त्याचा येतो.

रोज सकाळी सातला मी बाटली घेऊन उभी राहते. परवा आई पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "आज ऱ्हाऊ दे. आज लय बरं वाटतंय."

मी तिची पापणी बोटानं वर उचलली आणि थेंब टाकला. तिनं मला एक अस्सल शिवी दिली. मी कोपरा दाबून धरला आणि मोजायला लागले. एकशेवीस झाले. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "अजून रागच हाय व्हय गं तुला माझा?"

"हाय," मी म्हटलं आणि बाटलीचं झाकण लावलं.